फिलोमीना आजीच्या दारातली शहाणी गाडी

गाडी कशी घ्यावी हे लोकांनी माझ्याकडून शिकावं! मोठेपणा म्हणून सांगत नाही. आमच्या गावात अलीकडे कोरी गाडी घेतलेला मी एकटाच, तेव्हा शिकायचं म्हटलं तरी दुसरं आहे कोण? आमचं गाव पार उत्तरेला, बर्फात; त्याला बाहेरून रस्ता येत नाही. गावातले रस्ते गावाबाहेर जरासे डोकावतात, पुढे नुसता बर्फ आणि झुडपं बघतात आणि मुकाट्यानं परत फिरतात. म्हणून गाडीसुद्धा आमच्याकडे आगगाडीनं येते. माझी गाडी विनिपेग शहरातून मालगाडीच्या उघड्या डब्यात बसून नव्या नवरीसारखी आली, तेव्हा स्टेशनवर अर्धं गाव हजर होतं. उरलेलं अर्धं गाव म्हणजे कुत्री. तीही आली होती.

माझा मेव्हणा एडी बोनेटवर थाप मारून म्हणाला, "दाजी, हिला काय काय येतं?"

"सगळं! दुकानातला पोरगा म्हणाला, मालक लांब गेला तरी ही स्वतःची काळजी स्वतः घेते. मालकानं फक्त बसायचं."

"मग मालक तरी कशाला लागतो?"

एडीच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. त्याच्या पिकअपची दोन दारं दोन वेगळ्या गाड्यांची आहेत आणि दोन्ही गाड्या वारल्या आहेत.

मी या गावाचा जावई. शाळेत शिकवायला दक्षिणेतून आलो, इथल्या लॉरेनशी लग्न केलं, वीसेक हिवाळे काढले, नाकाचा शेंडा थंडीनं काळा करून घेतला, तरी गावाच्या लेखी मी अजून 'दक्षिणेकडचा'च. कुणी दुष्टपणानं म्हणत नाही. "बस बाबा, तुला सवय नसेल," असं प्रेमानं म्हणतात आणि शेकोटीजवळची खुर्ची पुढे करतात. त्या खुर्चीचा मला मनस्वी राग आहे.

गावातला कोण आणि पाहुणा कोण, हे ठरतं फिलोमीना आजीच्या घरी. ही लॉरेनची चुलत आजी, पण आजी म्हणून हक्क सगळ्या गावाचा. गावापुढची खाडी गोठायच्या आधीच्या रविवारी ती कॅरिबू हरणाचा रस्सा करते, जुनी घराणी झाडून सारी जमतात आणि आजी ज्याच्या हातात ओगराळं देईल, तो त्या दिवशी सगळ्यांना वाढतो. ओगराळं हातात आलं की माणूस गावातला झाला. एडीला ते मिसरूड फुटायच्या आधी मिळालं. पोस्टातला तो तोतरा माणूस माझ्या कितीतरी मागून आला, त्यालाही मिळालं! मी आपला खुर्चीत.

यंदा आजीचा फोन आला. लॉरेननं उचलला, ऐकलं आणि माझ्यापुढे धरला. "तुलाच दे म्हणतेय."

"मला? काय झालं?"

पलीकडून आवाज आला, "जावईबापू, रविवारी हात नीट धुऊन ये." आणि फोन बंद.

शनिवारी सकाळभर मी बादलीतलं पाणी वाडग्यांत वाढायचा सराव केला. लॉरेन दारात उभी राहून बघत होती. "हार्वे, कोपर खाली घे. रस्सा वाढतोयस, आशीर्वाद देत नाहीयेस."

"एक थेंब सांडला नाही बघ!"

"सांडला नाही, कारण तू वाडगं भरतच नाहीस. आजी कंजूष माणसाकडून ओगराळं परत घेते हं."

रविवारी गाडी मी आजीच्या अंगणात, शेड आणि खिडकी यांच्या मधोमध उभी केली. लोकांना दिसावी म्हणून नव्हे. पण दिसली असती, तर माझी हरकत नव्हती. मग खाली उतरलो, दोन पावलं मागे जाऊन तिच्याकडे पाहिलं, आणि छाती पुढे काढून घरात शिरलो. लॉरेननं धुरी दिलेला मासा केला होता, तो आत आणायचं काम माझ्याकडे होतं. तो डिकीतच राहिला. छाती पुढे काढलेल्या माणसाला मागचं दिसत नाही.

आत वाफ, गर्दी, ओले कोट, पोरांचा धिंगाणा. मी न सांगता बाह्या सरसावल्या. कुणीतरी खुर्ची पुढे केली, ती मी नुसत्या नजरेनं परत पाठवली. आजी मागच्या शेडमधून रश्शाचं पातेलं आणायला निघाली होती. हे काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

"आजी, मी येऊ का?" मी विचारलं.

"पातेल्याला दोनच कान आहेत रे, आणि मलाही दोनच हात आहेत. तू ओगराळं पूस."

ती गेली. लॉरेन म्हणाली, "हार्वे, मासा कुठाय?"

"डिकीत. आणतो."

तेवढ्यात खिडकीशी असलेला एडी हळूच म्हणाला, "कुणी बाहेर जाऊ नका."

शेडच्या मागून अस्वल आलं होतं. पांढरं, पोरसवदा, हडकुळं. या दिवसांत ती बर्फावर शिकारीला जाता यावं म्हणून खाडी गोठायची वाट बघत गावाभोवती रेंगाळतात आणि उन्हाळाभर उपाशी असल्यामुळे कशाचाही वास घेतात. त्यात आमच्या आजीच्या हातात रस्सा! पण आजी घाबरली नाही. अस्वलापुढे पळायचं नसतं हे आमच्याकडे रांगतं पोरसुद्धा जाणतं. घराचं दार पलीकडच्या बाजूला होतं, म्हणून ती पातेलं सांभाळत, बाजारातून आल्यासारखी, शांतपणे जवळच्या गाडीकडे वळली. आमच्या गावात कुणी गाडीला कुलूप लावत नाही ते याचसाठी. अस्वल दिसलं की जवळची गाडी उघडायची आणि आत बसायचं. गाडी कुणाची, हा प्रश्न नंतरचा. माझ्या जुन्या गाडीत एकदा पाद्रीबाबा आणि त्यांच्याशी बोलणं टाकलेला त्यांचा भाऊ असे दोघे अडकले होते. उतरताना बोलत होते! इथे गाडीला कुलूप लावणं म्हणजे बुडत्या माणसाला हात देता देता तो मागे घेणं.

आणि जवळची गाडी माझी होती.

आजीनं दाराला हात घातला. गाडी म्हणाली, "टीं."

आजीनं पुन्हा ओढलं. "टीं टीं." साहेब कामात आहेत, असं सांगणाऱ्या शिपायासारखी नम्र!

आजीनं गाडीकडे पाहिलं. मग मान वळवून खिडकीकडे पाहिलं, थेट माझ्याकडे. मग अस्वलाकडे न बघता आणखी दहा-बारा पावलं चालत एडीच्या पिकअपपाशी गेली, आत बसली, पातेलं मांडीवर घेतलं आणि दार ओढलं. ते दुसऱ्या खेपेला लागलं, पण लागलं.

एडी खिडकीपासून माझ्याकडे वळला.

"दाजी," एडी म्हणाला, "कुलूप?"

"मी नाही लावलं!"

"मग कुणी लावलं?"

"तिनं! तिनं स्वतः लावलं! मी लांब गेलो म्हणून!"

"गाडी रुसली म्हणता?"

कुणी हसलं नाही. लॉरेनसुद्धा नाही. सगळ्यांच्या नजरा माझ्या सरसावलेल्या बाह्यांवर होत्या. मी त्या खाली केल्या. वीस वर्षांत मला खुर्ची देताना कुणाच्या चेहऱ्यावर जो परकेपणा दिसला नव्हता, तो त्या क्षणी सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता. मला ती खुर्ची हवीशी वाटली.

लॉरेनची मावशी फोनवर अस्वलखात्याच्या गॉर्डीला बोलावत होती. मी मात्र ठरवलं, की गाडी उघडते हे आत्ताच्या आत्ता गावाला दाखवायचं. खिशातून चावी काढली, खिडकीतून नेम धरला आणि बटण दाबलं.

गाडीचे दिवे लागले. आरसे कानांसारखे उघडले. निघून चाललेलं अस्वल थांबलं आणि वळलं.

"दाजी, त्याला बोलवू नका!"

"बंद करतो, बंद करतो!" मी घाईनं दुसरं बटण दाबलं. ते डिकीचं होतं. डिकी सावकाश, दिमाखात, उद्घाटनाच्या पडद्यासारखी वर गेली. आतून लॉरेनच्या माशाचा वास बाहेर पडला. आमच्याकडे खिडकी बंद होती तरी मला तो आला, मग अस्वलाचं काय घ्या!

ते आत चढलं. मी घाबरून पुन्हा तेच बटण दाबलं. डिकी तितक्याच दिमाखात खाली आली. "टीं."

"अरे देवा," लॉरेन म्हणाली. "माझं भांडं आत आहे."

"बाईमाणूस बाहेर, अस्वल आत," एडी म्हणाला. "दाजी, ही गाडी कुणासाठी बनवलीय?"

आत कुणीतरी हलतंय हे शहाण्या गाडीला कळलं आणि तिनं चोर शिरल्याचा भोंगा सुरू केला. भोंग्यानं अस्वल दचकलं आणि हॉर्नवर बसलं. त्या गोंगाटात गॉर्डी आणि त्याचा सोबती येऊन पोचले. त्यांनी पिकअपमधल्या आजीला हात केला. आजीनंही केला. तिची जागा पहिल्या रांगेतली होती.

गॉर्डी घराच्या खिडकीशी आला. "बंदुकीच्या नळीला फट हवी. झोपेच्या औषधाची सुई आहे. काच बोटभर खाली करा. बोटभर!"

मी बटण दाबलं. छताची काच सरकली. पूर्ण सरकली! आणि माझ्या गाडीच्या छतातून पांढरं डोकं वर आलं. त्यानं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, मिरवणुकीतल्या पुढाऱ्यासारखं. तोंडाला मासा होता.

गॉर्डीनं सुई मारली. पुढारी हळूहळू खाली बसले. भोंगा थांबला.

"छत लावा आणि डिकी उघडी ठेवा," गॉर्डी म्हणाला. "सोबत्याला पिंजऱ्याची गाडी आणायला पाठवतो. मी इथे थांबतो."

मी छत लावलं, डिकी उघडली. आजी पिकअपमधून उतरली. पातेलं तिनं कुणाला दिलं नाही. ती घरात आली, पातेलं चुलीवर ठेवलं, हातमोजे काढले आणि माझ्यासमोर उभी राहिली. आजी माझ्या खांद्याला लागते. त्या दिवशी मी तिच्या खांद्याला लागत होतो.

"आजी," मी म्हणालो, "मला खरंच माहीत नव्हतं. मी मुद्दाम कधीच..."

"बोलू नको. पुढे ये. चावी दे."

मी दिली. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली, वासही घेतला. मग चुलीचं झाकण उघडलं आणि चावी आत टाकली.

"या गावात कुलूप चालत नाही," ती म्हणाली. "हा नवा होता, त्याला सांगायचं राहून गेलं. चूक आपली सगळ्यांची. आता तो विषय संपला." आणि तिनं भिंतीवरचं ओगराळं काढून माझ्या हातात ठेवलं. "वाढ. आणि वाडगं भरून वाढ, लॉरेन सांगत होती."

मी वाढलं! कोपर खाली, वाडगं काठोकाठ! एडीच्या वाडग्यात मांसाचे दोन जादा तुकडे पडले तेव्हा तो नुसता "हं," म्हणाला, पण ते वीस वर्षांतलं सगळ्यात चांगलं "हं" होतं. पोस्टातला माणूस अडखळत म्हणाला, "फ-फक्कड!" मावशीनं माझी पाठ थोपटली. शेकोटीजवळची खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यात कुणी मला बसवत नव्हतं. मी उभा होतो. घरचा माणूस घरी उभा असतो तसा.

दारावर थाप पडली. गॉर्डी होता. त्याच्या मिशांवर बर्फ जमला होता आणि चेहऱ्यावर काही नव्हतं.

"डिकी माझ्या तोंडावर लागली," तो म्हणाला. "आपोआप. टीं करून. छत लागलेलं, दारंही लागली. पिंजरा आलाय. चावी द्या."

चुलीत 'फट्' असा बारीकसा आवाज झाला. बहुतेक चावीतला सेल असावा.

"दुसरी चावी असेल ना?" गॉर्डी म्हणाला.

"आहे," मी म्हणालो.

"कुठे?"

"गाडीत. समोरच्या खणात."

गॉर्डीनं डोळे मिटले आणि उघडले. "ते झोपेत घोरतंय. पण फार वेळ घोरणार नाही. उठेल तेव्हा त्याचं डोकं ठणकत असेल आणि मासा संपलेला असेल."

सगळ्यांनी आजीकडे पाहिलं. आजीनं चुलीकडे पाहिलं. मग तिनं वाडगं खाली ठेवलं, तोंड पुसलं आणि उठली.

"एडी, कुऱ्हाड आण."

"आजी, कोरी गाडी आहे!" लॉरेन म्हणाली. "निदान हार्वेला विचार तरी!"

"परक्याची असती तर विचारलं असतं," आजी कोट चढवत म्हणाली. "आपलीच आहे. फोडा."

एडी माझ्याकडे न बघता कुऱ्हाड घेऊन गेला. या 'आपली'साठी मी वीसेक हिवाळे थांबलो होतो. ओगराळं दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि बाहेर पहिली काच फुटली.

"अजून कुणाला रस्सा?" मी विचारलं. आवाज जरा ओला निघाला. वाफ फार होती हो.