ओसाकाचं कडं आणि उद्धवरावांची कॅसेट

पुणे जिल्ह्यात ही वस्तू दुसऱ्या कुणाकडे निघाली तर मिशी उतरवीन, असं निरंजन प्रत्येक पार्सल फोडताना म्हणायचा. आजवर त्याची मिशी शाबूत होती, कारण तसल्या वस्तू दुसऱ्या कुणाला नकोच होत्या.

निरंजन चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता आणि दापोडीत रुळांच्या कडेच्या इमारतीत राहायचा. लहानपणी ज्या टीव्ही गेमपायी त्यानं वडिलांचा मार खाल्ला, ते जुने गेम तपासायची आणि दुरुस्त करायची अवजारं जमवणं हा त्याचा छंद. गेम नव्हेत, अवजारं. तीही गेमवाल्या कंपन्यांनी फक्त आपल्या सर्व्हिस सेंटरसाठी बनवलेली, दुकानात कधीच न आलेली. रिमोटची बटणं तपासणारी पेटी, नुसतेच रंगीत पट्टे दाखवणारी चिप, कुठलाच नट बसत नाही असले पाने. काही कुदळवाडीच्या भंगारातून उचललेली, काही परदेशातून मागवलेली. बायको दीपमाला त्या कपाटाला आयसीयू म्हणायची.

त्या आठवड्यात उदगीरहून दीपमालाची आई, कुसुमताई, आल्या. रविवारी सासऱ्यांची पुण्यतिथी होती. सासरे उद्धवराव एसटीत कंडक्टर होते आणि दीपमाला कॉलेजात असतानाच वारले होते. निरंजननं त्यांना फक्त फोटोत पाहिलं होतं. त्यांचा आवाज म्हणून एकच गोष्ट जगात उरली होती, एक कॅसेट. कुसुमताई ती मखमली पिशवीत घालून, एसटीत मांडीवर धरून घेऊन आल्या होत्या.

"आमचा टेप कवाच बंद पडला," त्या म्हणाल्या. "बारा वर्सं झाली असतील आवाज ऐकून. मागच्या शिटावर झोपलेला माणूस उठून बसायचा, असा आवाज होता यांचा. तुमच्याकडं लई मशिनी हायेत मनून आणली."

"आई, मशीन म्हटलं की काळजी सोडा," निरंजन म्हणाला. "रविवारी बाबा समोर बसून बोलताहेत असं वाटेल."

दीपमालानं त्याच्याकडे पाहिलं. घरात टेपरेकॉर्डर नव्हता. पण तो कुठूनही मिळाला असता, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. घाबरण्यासारखं दुसऱ्या दिवशी ओसाकाहून आलं.

ते एक कडं होतं. जाडजूड, काळं, ताटाएवढं, आणि त्याला एक मूठ. जुन्या काचेच्या टीव्हीत चुंबकपणा शिरला की पडद्याच्या कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग पडतात. हे कडं वीज लावून पडद्यासमोर गोल गोल फिरवलं की चुंबकपणा निघून जातो आणि रंग साफ होतात. जुन्या गेमला जुनाच टीव्ही लागतो, म्हणून निरंजननं असला एक डागाळलेला टीव्ही हॉलमध्ये ठेवला होता. कडं जपानी विजेवर चालणारं, म्हणून मध्ये एक वजनदार ट्रान्स्फॉर्मर लावावा लागला. बटण दाबताच घूं असा आवाज सुरू झाला आणि निरंजनच्या अंगावर काटा आला. त्यानं कडं टीव्हीभोवती ओवाळलं. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. कुसुमताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि त्यांनी सवयीनं हात जोडले.

मग टीव्ही बंद करून पुन्हा लावला. डाग बरेच कमी झाले होते.

"बघितलंस?" तो दीपमालाला म्हणाला. "अख्ख्या जिल्ह्यात."

चहा पिता पिता त्यानं सोबत आलेला जपानी कागद फोनसमोर धरला आणि मराठीत वाचला. पहिल्याच ओळीत होतं, चुंबकीय फिती जवळ ठेवू नयेत. साठवलेलं सर्व कायमचं पुसलं जाईल.

निरंजननं सहज टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीवर भरतकामाचा रुमाल होता. रुमालाखालून मखमली पिशवीचं टोक दिसत होतं.

"आई," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "ती पिशवी इथं कधीपासून आहे?"

"काल आल्यापास्नं. देवापाशी उदबत्तीची राख पडती, मनून टीवीवर ठिवली. का वो?"

"काही नाही. छान आहे पिशवी."

त्या दिवसापासून निरंजनला जेवण जाईना. भिंतीवरच्या फोटोतले उद्धवराव खाकी कपड्यात, गळ्यात चामडी बॅग अडकवून, विनातिकीट सापडलेल्या माणसाकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत होते. कंपनीत त्यानं चांगल्या मालाची अख्खी ट्रॉली रिजेक्ट केली आणि वाकडा माल पास केला. कॅसेट लावून खात्री करून घ्यावी, असं मनात यायचं. पण खात्री झाली तर काय? नुसतीच खरखर ऐकू आली तर? ज्या माणसाचा आवाज आपण कधी ऐकलाच नाही, तो आपणच पुसून टाकला, असं सांगायला तोंड कुठून आणायचं?

मग त्याला एकच मार्ग दिसला. रविवारी घरात चालू टेपरेकॉर्डर असता कामा नये.

पण तो लोकांची माया विसरला होता. बातमी इमारतीत पसरली आणि शेजारचा नवनाथ वडिलांचा टेप खांद्यावर घेऊन आला. निरंजननं तो उलटसुलट केला, बटणांना टोचून पाहिलं आणि मान हलवली.

"हेड गेलंय, भावा. संपलंय."

"काय सांगतो राव? सकाळीच भजनं ऐकली त्याच्यावर."

"तेच तर. शेवटची धडपड असते. यात कॅसेट घातली तर फीत खाऊन टाकेल."

फीत खाईल हे ऐकताच कुसुमताईंनी पिशवी छातीशी धरली. नवनाथ टेप उचलून गेला, पण त्याचा चेहरा उतरला होता. आपल्या वडिलांचा टेप फीत खातो, हे त्याला लागलं.

दीपमालानं ऑफिसातल्या मैत्रिणीकडून दुसरा टेप आणला. निरंजननं तो तपासतो म्हणून आत नेला, त्यातला रबरी पट्टा काढून खिशात घातला आणि बाहेर येऊन म्हणाला, "पट्टाच नाही याला."

"काल तिच्याकडे वाजवून घेतला मी," दीपमाला म्हणाली. आईसमोर ती त्याला अहो म्हणायची, एकटी असली की अरे. या वेळी तिनं दोन्ही टाळलं.

शनिवारी त्याला ते सहन होईना. कुसुमताई एकट्या शेंगा सोलत बसल्या होत्या. तो जवळ जाऊन बसला.

"आई, एक सांगायचंय. समजा, ती कॅसेट वाजलीच नाही तर?"

कुसुमताईंनी हातातली शेंग फोडली.

"न वाजली तर न वाजली," त्या म्हणाल्या. "घरी रोज उशाला घेऊन झोपते मी. वाजवत न्हाई, तरी बी आत हायेत असं वाटतं. तेवढंच पुरं हाय मला."

निरंजननं चार शेंगा सोलून दिल्या आणि तो उठला.

रविवारी दुपारी नातेवाईक जेवले आणि हॉलमध्ये दाटीवाटीनं बसले. निरंजन आता टेप नसल्याची दिलगिरी कशी व्यक्त करावी याची जुळवाजुळव करत होता, तेवढ्यात दार वाजलं. दारात नवनाथ होता. काखेत दुसराच टेप.

"आळंदीहून मावशीचा आणलाय," तो म्हणाला. "वाटेत तीन कॅसेट वाजवून बघितल्या. आणि भाऊ, तू तपासू नको. तू लांब बस."

निरंजनला भिंतीपाशी बसवण्यात आलं, बरोबर फोटोखाली. नवनाथनं टेपची पिन लावली. कुसुमताईंनी पिशवीतून कॅसेट काढली, पदरानं पुसली आणि त्याच्या हातात दिली. खट् असं बटण वाजलं. मग खरखर.

खरखर चालूच राहिली. दीपमालानं आईचा हात धरला. आता उठावं आणि सगळ्यांसमोर पायावर डोकं ठेवावं, असं ठरवून निरंजननं गुडघ्यावर हात टेकले.

आणि कुणीतरी खाकरलं.

"कुसुम, लाल बटण दाबलं का गं?" असा आवाज आला, की मागं पेंगत बसलेला दीपमालाचा चुलत मामा खरोखर उठून बसला. "दाबलं? मग दिवा का लागंना? थांब, मी बघतो. हे फिरायलंय का न्हाई? ती कुकरची शिट्टी बंद कर आधी. सुरू झालं का?"

पुढे एक बाजूभर तेवढंच होतं. उद्धवराव टेप सुरू झाला का म्हणून विचारत होते, बटणं दाबत होते, कुकरला रागावत होते. हॉलमधले लोक आधी गंभीर बसले, मग एकेकाला हसू फुटलं. फक्त कुसुमताई टेपपाशी सरकल्या आणि हळू म्हणाल्या, "झालंय हो सुरू. बोला तुमी."

तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. आणि त्या शांततेत निरंजन मोठ्यानं रडला. आठवडाभराची भीती एकदम डोळ्यांतून वाहिली.

"बघा," चुलत मामा म्हणाला, "सासऱ्याला कधी बघितलं न्हाई, तरी किती जीव. असा जावई मिळायला नशीब लागतं." नवनाथनंही जुना राग सोडून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

निरंजन डोळे पुसत होता, आणि पुसता पुसता त्याचा हात थांबला. आवाज आहे. सगळा आहे. मग कडं?

लोक पांगल्यावर तो कपाटाशी गेला. कड्याची मूठ खोलली. आतली तार गंजून तुटली होती, आणि ती काही काल-परवा तुटलेली नव्हती. घूं आवाज ट्रान्स्फॉर्मरचाच होता. डाग तर टीव्ही बंद करून पुन्हा लावला की असेही कमी व्हायचे. जिल्ह्यात एकमेव असलेली वस्तू ओसाकाहूनच मेलेली आली होती.

तेवढ्यात कुसुमताई आत आल्या. त्यांनी पिशवी त्याच्या हातात ठेवली.

"जावईबापू, आता ही तुमच्याच कपाटात ठिवा. मशिनीत ऱ्हाईल तर नीट ऱ्हाईल. तुमच्याइतकी काळजी कोण घेणार?"

त्यानं पिशवीसाठी कपाटात जागा शोधली. एकच जागा रिकामी होती, कड्याच्या शेजारी. कुसुमताई समाधानानं बाहेर गेल्या आणि दीपमालानं आत येऊन कड्याच्या उघड्या मुठीत डोकावून पाहिलं.

"एक तार तर तुटलीये अरे," ती म्हणाली. "एवढी अवजारं आहेत. पाच मिनिटांत जोडशील."

निरंजननं कड्याकडे पाहिलं. मग पिशवीकडे पाहिलं.

"त्याला वेगळं अवजार लागतं," तो म्हणाला, "आणि ते आता जगात कुठेच मिळत नाही."