आमच्या अज्ञानाचा राखणदार

परळच्या आमच्या चाळीतला सगळ्यात कट्टर कॅथलिक माणूस म्हणजे समोरच्या खोलीतले पास्कलकाका. आणि येशूबद्दल एक अक्षर आमच्या कानावर पडू नये म्हणून जिवाचं रान करणारेही तेच! प्रार्थनेची वेळ झाली की दार बंद, खिडकी बंद, पंखा फुल.

लहानपणी नाताळात त्यांच्याकडे मांडलेला बाहुल्यांचा गोठा बघून मी विचारलं, "काका, हे बाळ कोणाचं?"

"असाच गो, आमच्या ओळखीतला," म्हणत त्यांनी माझ्या तोंडात दोन गोड कुलकुल कोंबले.

कारण फार उशिरा कळलं. तरुणपणी त्यांना फादरांनी सांगितलं होतं की चर्चबाहेरची माणसंही तरू शकतात. स्वतःची काही चूक नसताना ज्यांना येशू कळलाच नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, सचोटीने वागतात, त्यांना देव लोटून देत नाही. काकांनी त्यातलं 'कळलाच नाही' तेवढंच घट्ट धरलं. म्हणजे चाळीतले सावंत, कांबळेसर, आमचे बाबा, सगळे पास! फक्त कुणी मध्येच माहिती देऊन घोळ घालायचा नाही. "माहीत नाय ना? बेस्ट! तसाच राहा," हे त्यांचं पालुपद. कांबळेसरांनी एकदा लायब्ररीतून बायबल आणलं, तर काका "बघू जरा" म्हणून घेऊन गेले ते गेलेच. लायब्ररीवाले बिचाऱ्या सरांच्या मागे लागले होते.

मग बाबा आजारी पडले. बाबा आणि काका, चाळीस वर्षं रोज संध्याकाळी गॅलरीत कॅरम. हॉस्पिटलात एका दुपारी बाबा हळूच म्हणाले, "पास्कल, दार लावून काय म्हणतोस रे रोज? आज माझ्यासाठी म्हण ना."

काका ताडकन उठून बाहेर. मी मागे धावले. जिन्यात बसून हा सत्तरीचा माणूस हमसून रडत होता.

"आता वसंताने विचारलान गो! मी सांगितला नि त्याला नाय पटला तर? वर माझं दुसरं कोण हाय? कॅरम कोणाशी खेळू?"

मला आधी हसू आलं, मग मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. त्यांच्याच फोनवरून फादरांना स्पीकरवर फोन लावून दिला. फादर सगळं ऐकून म्हणाले, "पास्कल, अरे, देव परीक्षा नाही घेत, मन बघतो. वसंताला त्याच्यावर सोड. तू जाऊन मित्राजवळ बस."

काका परत आले, बाबांचा हात धरला आणि भर वॉर्डात मोठ्याने प्रार्थना म्हटली. बाबांनी शांतपणे ऐकली.

"एवढंच होय? मला वाटायचं, हरलास की मला शिव्या घालतोस."

त्यानंतर आठवड्याभरात बाबा गेले. कांबळेसरांना लायब्ररीचं बायबल परत मिळालं. काकांचं दार आता संध्याकाळी सताड उघडं असतं. सगळी प्रार्थना आम्हाला ऐकू येते, आणि शेवटी रोज एक जादा ओळ असते.

"आणि देवा, वसंताला सांग, बोर्ड मांडून ठेव."