लीलाक्कांचा मोबाइल नंबर

लीलाक्का आमच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर. दारात चेहरा ओळखून हजेरी घेणारं यंत्र बसलं, त्या दिवसापासून त्या त्याच्यावर टॉवेल टाकू लागल्या. मुलगी आली की टॉवेल उचलायचा, यंत्र ‘थँक यू’ म्हणालं की परत झाकायचं. "उगाच दिनभर देखत ऱ्हास. त्याले काय करनं शे?"

जळगावच्या या कॉलेजात मी संगणक विभाग सांभाळते. हजेरी, निकाल, खानावळ, सगळं एका अॅपमध्ये आणायचं काम माझ्याकडे. त्यामुळे अक्कांच्या लेखी मी यंत्राच्या बाजूची. मी वसतिगृहात शिरले की त्या आपलं जुनं रजिस्टर मिटून त्यावर हात ठेवत. काही सांगायचं असलं तर मला कॉम्प्युटरपासून लांब, जिन्याखाली नेत. "मॅडम, तू चांगली शे. पण ते ऐकतं."

त्यांनी यंत्राची परीक्षाही घेतली होती. स्वतःचा वीस वर्षांपूर्वीचा फोटो त्याच्यासमोर धरला, आणि यंत्रानं त्यांची हजेरी लावली. "मी इथं, तिथं बी मी. मंग खरी कोन?" एकदा वीज जाऊन आली आणि सगळ्या मुली गैरहजर दिसू लागल्या. मी धावत गेले, तर मुली पंगतीला बसलेल्या. अक्का शांतपणे म्हणाल्या, "मंग हाई भरीत कोन खाई ऱ्हायनं?"

मागच्या सत्रात प्राचार्यांनी मला पालकांचे नंबर तपासायला सांगितले. मुलगी तासाला नसली की अॅप घरी मेसेज पाठवतं; तो खरंच घरी पोचतो का, हे बघायचं होतं. यादी चाळताना मी थबकले. नऊ मुलींच्या नावापुढे एकच नंबर होता. माझ्या मनात पाल चुकचुकली. पोरी दांड्या मारत असणार आणि कुणीतरी बाहेरचा त्यांना सामील असणार.

मी ऑफिसच्या फोनवरून तो नंबर लावला.

"कोन बोलस?" पलीकडून आवाज आला. अक्कांचाच.

मी फोन ठेवला आणि यादी घेऊन सरळ वसतिगृहात गेले. आता संशय घ्यायची पाळी माझी होती.

"अक्का, या नऊ जणींच्या घरचा नंबर तुमचा कसा?"

"कोनी सांगं?"

"अॅपमध्ये आहे."

"मी पहिलेच सांगेल शे ना, चुगलखोर शे ते."

मग त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि सांगायला लागल्या. नऊही मुली सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरच्या. कुणाच्या घरी फोन नाही, कुणाचा बाप मजुरीला परमुलखात, कुठे फोन आहे तर रेंज नाही. नंबर टाकल्याशिवाय अॅप प्रवेशाचा अर्ज पुढे सरकू देईना. एक पोर रडत आली, तिला अक्कांनी स्वतःचा नंबर दिला. मग बाकीच्या आल्या.

"आणि मेसेज आले की?"

"मंग मी जास खोलीवर. ताप शे का, पोट दुखतंय का, देखस. मागल्या महिन्यात एकीले दवाखान्यात नेलं ते त्याच मेसेजवरून." हे त्यांनी जरा नाराजीनंच कबूल केलं. मग म्हणाल्या, "आता माझा नंबर काढशील?"

मी विचार केला. प्राचार्यांनी विचारलं होतं, मेसेज पोचतो का. तो पोचत होता. "नाही काढणार," मी म्हणाले आणि नऊ नावांपुढे ‘तपासले’ अशी खूण केली. त्यांना पटावं म्हणून कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एका रकान्यावर बोट ठेवलं. "इथं इंग्रजीत काय शे?"

तो नात्याचा रकाना होता. अर्ज मुलींनी आपल्या हातानं भरले होते. वडील, आई, पालक, यांतलं एक निवडायचं असतं.

"आई," मी म्हणाले. "नऊही जणींनी आईच निवडलंय."

अक्कांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. त्यांना मूलबाळ नाही. जामनेरचा भाऊ दिवाळीला येऊन जातो, तेवढाच.

"नावं वाच," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या नावाला त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. उरलेली सहा मी सावकाश वाचली.