सुबराव आप्पांचं लाकडी रेशीम

बेळगावच्या शहापुरात सुबराव आप्पांइतका शास्त्राचा जाणकार दुसरा नव्हता, आणि असता तरी आप्पांनी त्याला बोलू दिलं नसतं! धंद्यानं विणकर, घरात दोन माग. पण डोकं सदा विलायतेत. टिळकवाडीतल्या एका वकिलांच्या घरी आप्पांची लुगडी जात. परतताना वकीलसाहेबांनी वाचून टाकलेलं वर्तमानपत्र ते काखोटीला मारून आणत. बातमी आठवड्याची शिळी असे, पण तिच्यावरचं आप्पांचं मत गरमागरम!

"आभाळातनं इमान पडलं म्हनं," मागावरचा धोटा थांबवून आप्पा सांगत. "पडणारच की! पंख हलवत न्हाई त्ये. कावळा तरी पंख न हलवता किती येळ टिकंल? मला इचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं."

"तुमाला इचाराय कोन येनार हाय शापुरात?" सुताच्या कांड्या भरता भरता त्यांची बायको राजाबाई म्हणे. "माग चालवा आधी."

वकिलांच्या घरचा रेडिओ खरखरतो, त्याचंही कारण आप्पांनी शोधलं होतं. मुंबईचा आवाज घाट चढून येतो, तो दमणारच! खुद्द वकीलसाहेब यावर काही बोलले नाहीत, म्हणून आप्पांची खात्रीच पटली होती.

अशात एक दिवस बातमी आली: विलायतेत आता लाकडाच्या लगद्यापासून रेशीम काढतात! आप्पा ताडकन उठून बसले. विमान पडो नाही तर उडो, हा मामला घरचा होता. तीन दिवस त्यांनी विचार केला. तीन दिवस दोन्ही माग बंद. चौथ्या दिवशी निकाल लागला.

"लाकूड कधी चमकतं का गं?" त्यांनी राजाबाईला विचारलं.

"न्हाई."

"मऊ असतं का?"

"न्हाई बा."

"मग सपला इषय! जे झगझगतं ते किड्याचं. जे मंद दिसतं ते लाकडाचं. सगळा बेळगाव फसंल, पर हा सुबराव न्हाई फसायचा!"

याच सुमाराला त्यांची लेक सत्यवती हिची सोयरीक जुळत आली होती. नवरामुलगा चिकोडीच्या परशराम अण्णांचा भावकू. अण्णांच्या घरी पाच माग, मुलगा शांत, आणि सत्यवतीनं त्याला एका लग्नात पाहिल्यापासून ती कांड्या भरताना गुणगुणायला लागली होती. यापूर्वीची दोन स्थळं आप्पांच्या मतांपायी हातची गेली होती. एक ग्रहणावरून आणि एक पृथ्वीच्या गोलपणावरून! तेव्हा हे तिसरं स्थळ राजाबाईनं जिवापाड जपलं होतं.

त्या भागातल्या विणकरांत एक रीत होती. सुपारी फुटायच्या आधी दोन्ही घरांनी आपापल्या मागावरचं कापड एकमेकांच्या हाती द्यायचं. मुलाकडचं लुगडं, मुलीकडचा पटका. दोन्ही बापांनी कापड बोटांत चोळायचं, "सूत चांगलं हाय" म्हणायचं, की झाली सोयरीक पक्की. सूत खरंच तपासायचं नसतं, हे पाळण्यातल्या पोरालासुद्धा ठाऊक होतं.

पटक्याचं रेशीम आणायला आप्पा खडेबाजारात गेले. सुताचे व्यापारी ज्योतिबाशेट यांनी दोन लडी पुढे टाकल्या.

"आप्पा, ही तुमची नेहमीची. आन् ही नवी आलीया, पर ही जरा—"

"तुमी सांगू नका. बोटं हायती मला!" आप्पांनी दोन्ही लडी उजेडात धरल्या. नेहमीची लड शांत, सायीसारखी. नवी मात्र लखलखत होती, डोळे दिपवत होती. आप्पांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "म्हंजे इतके दिवस तुमी मला लाकूडच ईकत आला की वो! ही झगझगीत बांधा."

"आप्पा, अवो, ती निम्म्या भावात का मिळतीया, ते तरी ऐका—"

"कारन तुमी वर्तमानपत्र वाचत न्हाई! बांधा म्हंतो न्हवं?"

ज्योतिबाशेटनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, तेव्हा त्यांनी लड बांधून दिली.

आठ दिवसांत पटका तयार झाला. राजाबाईनं तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "जरा लईच झगझगतोय न्हाई?"

"झगझगनारच. किड्याचा हाय!"

"बरं असंल. पर हे बघा, उद्या पाव्हन्यांम्होरं वर्तमानपत्राचं नाव काढायचं न्हाई. पोरीला पोरगा पसंत हाय. ही सोयरीक मोडली तर मी माहेरी निघून जाईन, सांगून ठेवते!"

"मी काय यडा हाय व्हय?" आप्पा म्हणाले. राजाबाईनं उठून देवापुढं दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी चिकोडीची मंडळी आली. परशराम अण्णा, नवरदेव भावकू आणि अण्णांची थोरली बहीण बायाक्का. बायाक्काच्या तोंडासमोर उभं राहायला चिकोडीचे मामलेदारही कचरत, असं म्हणत. चहापोहे झाले. ओसरीवर घोंगडं अंथरलं. सत्यवती दाराआड उभी राहिली. बायाक्कानं स्वतःच्या देखरेखीखाली विणलेलं लुगडं आप्पांच्या हातात दिलं.

आप्पांनी पदर चोळला. आता फक्त तीन शब्द बोलायचे होते. पण पदर मंद होता! शांत, सायीसारखा! आप्पांचे डोळे बारीक झाले. दाराआडून राजाबाई जोरात खोकली. आप्पांना ते ऐकूच गेलं नाही.

"अण्णा," ते आवाज खाली आणून म्हणाले, "तुमाला कुनीतरी फसवलंय."

"म्हंजे?"

"ह्ये रेशीम लाकडाचं हाय."

परशराम अण्णांनी बहिणीकडे पाहिलं. बायाक्काचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"मी सोता निवडलेलं सूत लाकडाचं?" ती कडाडली. "चाळीस वर्सं रेशमात गेली माझी! राजाबाई, काडेपेटी आना!"

रेशमाची परीक्षा जुनी आणि साधी. किड्याचं रेशीम जाळलं की केस जळल्याचा वास येतो, आणि टोकाला काळी गाठ उरते. नकली असलं तर कागदासारखं भुर्रकन पेटतं. बायाक्कानं लुगड्याच्या टोकाच्या सुट्या दशीतला एक धागा उपसला आणि काडी लावली. धागा आक्रसला, चुरचुरला. ओसरीवर केसांचा वास पसरला. टोकाला मोहरीएवढी गाठ उरली.

"आता बोला!"

कुणीही इथं हात जोडून मोकळं झालं असतं. पण आप्पांचा शास्त्रावर विश्वास होता! "आक्का, एका धाग्यानं काय कळतंय? थांबा, खरं रेशीम कसं जळतं ते दावतो." त्यांनी भावकूसाठी विणलेला पटका उचलला. बायाक्का म्हणाली, "एकच धागा काढा." आप्पा म्हणाले, "एक कशाला? आमच्या मालाला भ्या न्हाई!" आणि त्यांनी अख्ख्या दशीलाच काडी लावली.

भुर्रर्र!

होळी पेटावी तसा पटका पेटला. आप्पांनी "अगं आईगं!" म्हणत तो भिरकावला, तो थेट पानसुपारीच्या ताटात. विड्यांची पानं करपली. परशराम अण्णांनी कपात उरलेला चहा त्यावर ओतला, राजाबाईनं कळशीभर पाणी ओतलं, आणि शेवटी भावकूनं उठून स्वतःसाठी विणलेला तो पटका पायांनी तुडवून विझवला. केसांचा वास मात्र कुठेच नव्हता. जळक्या कागदाचा होता.

"लाकूड!" बायाक्का थंडपणे म्हणाली.

परशराम अण्णा उभे राहिले. "सुबरावा, आमचं कापड खोटं म्हनलास, आन् माझ्या पोराच्या डोईला नकली पटका! पटका जळला हा सुदिक अपशकुनच. भावकू, चल. गाडी जुपायला सांग."

दाराआडून सत्यवतीचा हुंदका ऐकू आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुठलंच मत सुचेना. ते खाली मान घालून म्हणाले, "अण्णा, फसवायचं न्हवतं वो. वर्तमानपत्रात आलंतं लाकडाचं रेशीम निघालंय म्हनून. मला वाटलं लाकूड म्हंजे मंद असनार. म्हनून झगझगीत घेतलं. माझ्या येडेपनाची शिक्षा पोरीला देऊ नगा."

यावर बोलली ती बायाक्का, आणि तीही हसत. "परशा, बस खाली. वर्तमानपत्र वाचून येडा झालेला मानूस ह्यो एकलाच हाय व्हय?"

"आक्का, ते इथं कशाला—"

"सांगूच दे! विलायतेत खुराड्यात दिवा लावत्यात, मग कोंबड्या जास्त अंडी देत्यात, म्हनून वाचलं ह्यानं. टांगला कंदील! कोंबड्यांची झोप उडाली, अंडी बंद. कोंबडा भलत्या येळी आरवायला लागला आन् सारी गल्ली पहाट झाली समजून मागावर जाऊन बसली! आठ दिस लोक शिव्या घालत हुते. त्यात आपले सोयरेबी हुते, पर कुनी सोयरीक मोडली काय?"

इतका वेळ गप्प बसलेला भावकू तोंडावर हात ठेवून हसायला लागला. त्याच्यामागून दाराआडून आणखी एक हसू ऐकू आलं, हुंदक्यात अडकलेलं. परशराम अण्णा कान लाल करून हळूच घोंगड्यावर टेकले.

"कंदील कुठल्या अंगाला टांगलावता?" आप्पांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं.

"उगवतीला."

"तितंच चुकलं! कोंबडा उगवतीकडंच बघतो. मावळतीला टांगाय पायजे हुता."

परशराम अण्णा विचारात पडले. मग एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "खरं की रं सुबरावा! ह्ये माझ्या ध्येनातच आलं न्हाई!"

दोघे एकमेकांकडे सरकले. खुराड्यावरून गोष्ट विमानावर गेली, विमानावरून रेडिओवर. अण्णांचंही मत घाटाचंच निघालं! सुपारी फोडायची कुणाला आठवण राहिली नाही. शेवटी ती बायाक्कानंच फोडली, आणि लुगडं सत्यवतीच्या खांद्यावर टाकलं.

राजाबाईनं ओसरीवरच्या त्या दोन जाणकारांकडे पाहिलं आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "सासरी जातीस म्हनून रडू नगंस बाई. तितंबी असाच एक बा हाय."

आप्पांनी ते ऐकलं. त्यांची छाती फुगली. व्याह्याच्या कानाशी लागून ते म्हणाले, "बघितलंत अण्णा? आमच्या हिलाबी शेवटी पटलं!"