भोईरांनी मंद केलेला कॉम्प्युटर

आमच्या वाचनालयाला एका सभासदाने नवा कोरा कॉम्प्युटर भेट दिला, त्याच दिवशी भोईरांनी त्याला मुद्दाम मंद केलं. खोका फोडला, जोडाजोडी केली, चालू होताना कुठलीशी कळ दाबून एका निळ्या पडद्यावर गेले आणि प्रोसेसरची कॅशे नावाची जी झटपट आठवण असते, तीच बंद करून टाकली. डोंबिवलीतलं त्या वेळचं सगळ्यात वेगवान यंत्र आमच्या काउंटरवर बैलगाडीच्या चालीने चालू लागलं.

"अहो भोईर, हे काय केलंत?" मी विचारलं.

"जास्त पळत होतं, सर. आता बरोबर झालं."

त्यांचं म्हणणं असं. त्यांनी स्वतः लिहिलेला देवघेवीचा प्रोग्राम डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, माऊसशिवाय नुसत्या कळांनी चालणाऱ्या प्रणालीवर चालायचा. सुरू होताना तो मशीनचा वेग मोजायचा. नवं मशीन इतक्या लवकर मोजणी संपवायचं की लागलेला वेळ शून्य यायचा, मग प्रोग्राम त्या शून्याने भागायला जायचा आणि जागच्या जागी बसायचा. "शून्यानं भागता येत नाय, हे तुम्हीच शाळेत शिकवता ना?" मी शाळेत मराठी शिकवायचो. तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग तुमचा दोष नाय."

रामनाथ भोईर मूळचे कोलशेतचे, खाडीकाठच्या घरातले. तिथल्याच एका रसायनांच्या कारखान्यात मोजमापाची यंत्रं सांभाळत त्यांचं आयुष्य गेलं. कारखाना बंद पडल्यावर ते डोंबिवलीत दोन खोल्या घेऊन राहिले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. रोज सकाळी नऊला ते वाचनालयाच्या पायरीवर हजर असत, पगाराशिवाय. शर्टाच्या खिशात दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेली फ्लॉपी. तिच्यात डॉस होतं. नव्या मशीनवर आधीपासून असलेली विंडोज त्यांनी पहिल्याच दिवशी पुसून टाकली होती. "डोंबिवलीत खिडक्या उघडतात का कोण? मच्छर येतात." माऊस काढून कपाटात, फाटक्या शब्दकोशांशेजारी ठेवला. सोबत आलेला नवा प्रिंटर विंडोजशिवाय हलेना, तर त्यांनी अडगळीतून जुना, करवतीसारखा आवाज करणारा प्रिंटर आणून जोडला. कोणी काही म्हटलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "मशीन आपल्याकडं कामाला आलंय. आपण मशीनकडं नाय."

प्रोग्राम पहिलं वर्षभर, जुन्या मशीनवर, मुका होता. मग एके दिवशी तो बोलू लागला. पुस्तक दिलं की दोन बारीक शिट्ट्या, परत आलं की तीन. मुदत उलटली असली तर खालच्या पट्टीतला एक लांब हुंकार, म्हैस उठताना काढते तसा. तो अख्ख्या वाचनकक्षात ऐकू जाई. उशीर करणारे सभासद ओळखू येऊ लागले. एक वकील तर पुस्तक परत करताना मोठ्याने खोकत, हुंकार झाकायला.

त्याच आठवड्यात काउंटरवर भोईरांच्या हातची पाटी लागली: 'सभासद क्रमांक व पुस्तक क्रमांक स्वतः मोठ्याने सांगावेत. बाई वाचणार नाहीत.' काउंटरवर ताम्हाणेबाई बसत. शांत बाई, टिटवाळ्याहून येत, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. सभासद ओरडून आकडे सांगत, बाई मान जराशी तिरकी ठेवून आकड्यांच्या कळा दाबत, शिट्ट्या वाजत. सूचनापेटीत चिठ्ठी आली: 'हे वाचनालय आहे की भाजीचा लिलाव?' भोईरांनी तिच्या पाठीमागे उत्तर लिहून ती फळ्यावर टाचली: 'भाजीला परत आणायची मुदत नसते.'

आमचे अध्यक्ष आपटे प्रेमळ गृहस्थ, पण त्यांना वाचनालय नव्या शतकात न्यायचं होतं. मंद कॉम्प्युटरची गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी दुकानातून एक इंजिनिअर बोलावला. त्याने तासभर पाहून निदान केलं, "हा जो आवाज काढणारा भाग आहे ना, तोच शिट्टीची लांबी ठरवायला वेग मोजतो आणि फास्ट मशीनवर अडकतो. आवाज काढून टाका, प्रोग्राम सुसाट पळेल. कॅशे बंद करायची गरजच नाही."

"आवाज नाय काढणार," भोईर म्हणाले.

"पण का?"

"मला आवडतो."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिटणीस होतो, आणि खरं सांगायचं तर मीही अध्यक्षांच्याच बाजूचा होतो. पुढच्या बैठकीत विंडोजवरचा नवा प्रोग्राम घ्यायचा, असं आम्ही दोघांनी ठरवूनच टाकलं.

जाताना इंजिनिअरने आवाजाशिवाय काही अडत नाही हे दाखवायला मशीनच्या आतली स्पीकरची वायर उपसून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेलो होतो. काउंटरसमोर तीन सभासद उभे. पहिल्याने आकडे सांगितले. बाईंनी कळा दाबल्या आणि थांबल्या. पडद्यावर सगळं स्वच्छ लिहून आलं होतं. बाई पडद्याकडे बघत होत्या, हात कळांवर होते, पण हात पुढे जाईनात. सभासदाने पुन्हा आकडे सांगितले. बाईंनी पुन्हा दाबले. कपाळावर घाम आला होता. "आज मशीन जरा..." एवढंच त्या म्हणाल्या.

तेवढ्यात भोईर आले. कोणाला काही न विचारता त्यांनी झाकण उघडलं, वायर बसवली, चालू केलं. बाईंनी पुन्हा कळा दाबल्या, दोन शिट्ट्या वाजल्या आणि त्यांनी श्वास सोडला. मग भोईर मला हाताला धरून बाहेर पायरीवर घेऊन गेले.

"सर, बाईंना पडद्यावरचं दिसत नाय. पुस्तकावरचा नंबरही नाय. समोरचं, मधलंच गेलंय. कडेचं दिसतं, म्हणून चालताना कळत नाय कुणाला. शिट्ट्या घातल्या त्याच्या थोडं आधीपासून बघतोय."

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"छे! त्यांना वाटतं मला ठाऊक नाय. आणि तसंच ऱ्हायला पायजे."

"पण अध्यक्षांना सांगितलं तर ते काहीतरी—"

"आपली पुस्तकं बांधायचा त्या बाइंडरचे हात थरथरायला लागले तेव्हा काय केलं त्यांनी? शाल दिली, नारळ दिला, डोळ्यांत पाणी आणलं आणि घरी पाठवला. बाईंनाही तेवढ्याच प्रेमानं पाठवतील. रिटायर व्हायला तीन वर्षं ऱ्हायलीत त्यांची. डॉसमधी कळा पाठ होतात, कान दिला की काम होतं. त्या विंडोजमधी बाण कुठं हाय ते बघायला लागतं." त्यांनी माझ्या मनगटाची पकड घट्ट केली. "तोंड उघडणार नाय, शपथ घ्या."

मी घेतली.

बैठक पुढच्या रविवारी झाली. अध्यक्षांनी समजुतीच्या सुरात सुरुवात केली. "भोईर, जग पुढे चाललंय."

"जाऊ द्या की. परत आलं की आपल्याकडंच पुस्तक मागंल."

"बाईंना माऊस आठ दिवसांत शिकवू आपण."

"बाईंचा काय संबंध? मला नको हाय."

"तुम्हाला नको म्हणून वाचनालयाने मागे राहायचं?"

"हो."

सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "म्हातारपणी माणूस असाच होतो." भोईर उठून उभे राहिले. "हसा. पण प्रोग्राम मी लिवलाय, त्याच्या चाव्या माझ्याकडं. ज्या दिवशी विंडोज येईल त्या दिवशी मी घरी. मग कुठलं पुस्तक कुणाच्या घरात हाय, ते दारोदार विचारत फिरा. डोंबिवली पूर्व झाली की पश्चिम."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मला विचारलं, "चिटणीस, तुमचं काय मत?" आदल्या आठवड्यापर्यंत माझं मत त्यांना ठाऊक होतं. मी म्हणालो, "भोईरांशिवाय चालणार नाही." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यानंतर वर्षभर मला त्यांच्या घरी चहाला बोलावणं आलं नाही.

मी इतिवृत्त लिहिलं: 'श्री. भोईर यांच्या हटवादीपणामुळे निर्णय लांबणीवर टाकण्यात आला.' सही करायच्या आधी भोईरांनी ते वाचलं. "हटवादीपणा नको. आडमुठेपणा लिवा. जोरात बसतं." मी खोडून लिहिलं. पुढच्या तीन वर्षांत ते वाक्य मी आणखी चारदा लिहिलं. दरवेळी ते समाधानाने सही करत.

ताम्हाणेबाई ठरलेल्या वयाला, सन्मानाने निवृत्त झाल्या. पुढच्या सोमवारी मी गेलो तेव्हा मशीनवर विंडोज होती. भोईरांनी स्वतःच घातली होती. नव्या काउंटरवाल्या मुलीला ते माऊस कसा धरायचा ते दाखवत होते, आणि बाण त्यांच्याच हातून पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन अडकत होता. त्यानंतर ते रोज येत, पण नऊऐवजी अकराला. मग एक दिवस आले नाहीत.

वाचनालयातच आम्ही शोकसभा घेतली. अध्यक्षांनी मंद केलेल्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगितली. लोक हसले, आणि हसता हसता काहींनी डोळे पुसले. ताम्हाणेबाई टिटवाळ्याहून आल्या होत्या. फुलं वाहून झाल्यावर त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी मान एका बाजूला वळवली. लोकांना वाटलं, त्यांना बघवत नाही. त्या बराच वेळ तशाच उभ्या होत्या.

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. पायऱ्या त्या नीट उतरल्या.

"फार हट्टी माणूस," बाई म्हणाल्या. "पण सर, त्यांच्या हट्टाने माझं निभावलं. आता सांगायला हरकत नाही, मला स्क्रीन दिसत नव्हती. त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही. स्वतःच्या मशीनपलीकडे पाहायचेच नाहीत ना ते."

शपथ मोडायची होती तर हीच वेळ होती. मी म्हणालो, "हो. आडमुठेच होते."

रिक्षा थांबली. बाई आत बसल्या, पदर सावरला, आणि मग वाकून हळूच म्हणाल्या, "सर, एक विचारू? हसू नका. इतकी वर्षं शेजारी होते, पण... भोईरांना मिशी होती का हो?"

"होती," मी म्हणालो. "जाड. पांढरी. टोकं खाली वळलेली."

"मला वाटलंच," बाई म्हणाल्या. "आवाज गाळून यायचा."