अकरा फायदे आणि एक लेखी नियम

स्तनपान या विषयावर मी हातात कागद न घेता अर्धा तास सहज बोलू शकते. हे मी क्लिनिकच्या सिस्टरना फोनवर स्वतःच्या तोंडाने सांगितलं, त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडायची सोय नाही.

सिस्टर क्लिनिकमध्ये शनिवारी सकाळी गरोदर बायकांचा वर्ग घेतात. त्यांना बोलायला एक अनुभवी आई हवी होती. "वीस मिनिटं बोललात तरी पुरे," त्या म्हणाल्या. "फायदे सांगा, घरात दिवस कसा जातो ते सांगा. फक्त त्यांना घाबरवू नका."

मी कशाला घाबरवीन? बाळंतपणाआधी नऊ वर्षं मी ऑफिसात प्रशिक्षण विभागात होते. आग लागल्यास काय करावे या विषयावर, जेवणानंतरच्या तासाला, चाळीस माणसांना जागं ठेवलेली बाई आहे मी. आता साडेपाच महिने घरी होते, आणि या साडेपाच महिन्यांतलं माझं सगळ्यात मोठं भाषण म्हणजे दारावर येणाऱ्या प्रत्येकाला "हळू बोला, आत्ताच झोपलीये" एवढंच.

खरं सांगायचं तर मला फायद्याबियद्यांपेक्षा माणसात यायचं होतं. मी चोवीस तास एका निळ्या गाऊनमध्ये असायचे. त्याला पुढे दोन चेना, खांद्यावर दुधाचे डाग, आणि खिशात कायम एक ओला रुमाल. एकदा गाऊन धुवायला टाकला होता, तर समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी मला ओळखलंच नाही. तेव्हा मला निदान एक सकाळ नीट कपडे घालून, केस विंचरून, चार लोकांसमोर पूर्ण वाक्यं बोलायची होती. आणि ती मला बोलता येतात हे मला स्वतःलाच बघायचं होतं.

आमच्या घरात माणसं मोजकी. एक आमची मुलगी. तिला आम्ही बाईसाहेब म्हणतो, कारण सगळं घर तिच्या वेळेप्रमाणे चालतं आणि ती वेळ आगाऊ कुणाला कळत नाही. एक नवरा, जो कुठलीही अडचण आली की आधी मोबाइलवर वाचत बसतो. आणि सासूबाई.

सासूबाई तेहतीस वर्षं नोंदणी कार्यालयात होत्या. अर्ज आल्याशिवाय फाइल हलवायची नाही, या तत्त्वावर त्यांनी अख्खी नोकरी काढली. बाईसाहेब तीन आठवड्यांच्या असताना सासूबाईंनी एका सकाळी मला नाश्त्याच्या आत चौदा सल्ले दिले. चौदा मी मोजले होते. पंधराव्याला मी रडले. मग जरा सावरल्यावर मी प्रशिक्षण विभागाच्या पद्धतीने तिघांची बैठक घेतली आणि ठराव मांडला, की विचारल्याशिवाय कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही.

मला वाटलं त्या चिडतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "लेखी द्या."

मी लेखी दिलं. तिघांच्या सह्या झाल्या, तारीख पडली आणि कागद फ्रिजवर लागला. त्या दिवसापासून सासूबाईंनी मला एकही सल्ला दिला नाही. मी बाईसाहेबांना झबलं उलटं घातलं तरी त्या फक्त एकदा फ्रिजकडे बघायच्या आणि आपलं काम करू लागायच्या. मी मैत्रिणींना अभिमानाने सांगायचे की सासूला कसं हाताळायचं ते माझ्याकडून शिका.

तर भाषण. मी अकरा फायदे काढले, अकरा कार्डांवर लिहिले आणि नवऱ्यासमोर तालीम केली.

"चौथा," मी म्हणाले. "दूध तयारच असतं. गरम करणं नको, बाटली उकळणं नको. आईला वेळच वेळ मिळतो."

"कुणाला?" नवऱ्याने विचारलं.

"आईला."

"हे वाचताना तू जांभई देऊ नकोस, म्हणजे पटेल."

शनिवारचं वेळापत्रक मी मिनिटामिनिटाचं आखलं होतं. आठला एकदा पाजायचं. नऊला माझी आंघोळ. सव्वादहाला पुन्हा पोटभर पाजायचं, साडेदहाला निघायचं आणि अकराला भाषण. भाषण चालू असताना बाईसाहेब बापाच्या मांडीवर तृप्त झोपलेल्या असणार, म्हणजे अकरा फायद्यांचा चालताबोलता पुरावाच समोर.

आंघोळीला मी पाऊण तास लावला. साडेपाच महिन्यांत पहिल्यांदाच कुणी दार वाजवलं नाही. नवा साबण काढला, शॅम्पू दोनदा लावला, कसलंसं क्रीम लावलं, आणि बहिणीने बाळंतपणात दिलेली सेंटची बाटली पहिल्यांदाच फोडली. मानेवर मारला, मनगटावर मारला, उरलेल्या उत्साहात ओढणीवरही मारला. आरशात मला एक ओळखीची बाई दिसली. फार दिवसांनी भेटल्यामुळे मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

बाहेर आले तेव्हा सासूबाई कपड्यांच्या घड्या करत होत्या. त्यांनी मान वर केली, नाक आक्रसलं, तोंड उघडलं. मग फ्रिजकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मला वाटलं, माझं रूप बघून त्यांना शब्द सुचले नाहीत.

सव्वादहाला मी बाईसाहेबांना मांडीवर घेतलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एक श्वास घेतला आणि असं भोकाड पसरलं की नवरा दाढीचा फेस तोंडावर घेऊनच धावत आला.

"काय केलंस?"

"मी काय करणार? पाजतेय."

"मग रडतेय का?"

"ते तिला विचार."

मी कूस बदलली, खुर्ची बदलली, खोली बदलली. बाईसाहेबांनी पाठीची कमान करून दोन्ही हातांनी मला ढकललं. नवऱ्याने घेतलं की हुंदके देत गप्प. माझ्याकडे आली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जिने जन्मल्यापासून दर दोन तासांनी मला जागचं हलू दिलं नव्हतं, ती आज माझं तोंड बघायला तयार नव्हती.

नवऱ्याने मोबाइल काढला. "पोटात गॅस झाला असेल. किंवा दात येत असतील. किंवा नाक चोंदलं असेल. किंवा काही कारण नसेल."

"म्हणजे नक्की काय?"

"सगळंच शक्य आहे असं लिहिलंय."

सासूबाई खुर्चीत बसून होत्या. एकदा त्यांनी घसा खाकरला. मी आशेने पाहिलं. त्या म्हणाल्या, "उशीर होतोय, एवढंच सांगते. हा सल्ला नाही, माहिती आहे." आणि आपली मोठी पिशवी घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

आम्ही निघालो. गाडीत नवरा पुढे, मी, सासूबाई आणि बाईसाहेब मागे. खिडक्या बंद होत्या, त्यामुळे सेंटचा वास आणि रडणं दोन्ही आतल्या आत घुमत होतं. क्लिनिकच्या दारात सिस्टरनी आमचं स्वागत केलं आणि बाईसाहेबांचा आवाज ऐकून चेहरा गंभीर केला.

"कान," त्या म्हणाल्या. "कान दुखत असणार."

डॉक्टरबाईंनी दोन पेशंट थांबवून कान पाहिले, घसा पाहिला, पोट दाबलं, ताप मोजला. "बाळ एकदम छान आहे," त्या म्हणाल्या. "फक्त भूक लागलीये. पाजा की."

मी कार्डं सावरत वर्गाकडे निघाले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी वर्गात उभी राहिले. समोर पंधरा गरोदर बायका, तीनचार नवरे. पहिल्या रांगेच्या टोकाला सासूबाई, मांडीवर पिशवी. मागे दाराशी माझा नवरा बाईसाहेबांना घेऊन येरझाऱ्या घालत होता.

"पहिला फायदा," मी खणखणीत आवाजात म्हणाले. "स्तनपानामुळे आई आणि बाळ यांच्यात एक अतूट नातं तयार होतं."

माझा आवाज ऐकून बाईसाहेबांनी इकडे तोंड फिरवलं. हात पसरले. मला भरून आलं. नवरा लगबगीने पुढे आला, तिला माझ्या हातात दिलं, आणि तिने माझ्या मानेजवळ नाक आणताच सगळी खोली हादरवली.

वही घेऊन बसलेल्या एका बाईंनी हात वर केला. "ही कुणाची मुलगी?"

"माझी."

"मग ती तुम्हाला घाबरते का?"

"नाही, नाही. एरवी अजिबात नाही."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. शेजारची त्यांच्या कानात म्हणाली, "आपण बाटलीच घेऊन ठेवू." एका नवऱ्याने दाराकडे पाहिलं. सिस्टर मला खुणेने सांगत होत्या की घाबरवू नका.

मी कार्ड नंबर दोन काढलं. त्यावर लिहिलं होतं की बाळाला कधीही, कुठेही, सहज पाजता येतं. ते मी पुन्हा खिशात ठेवलं. आठ वाजल्यापासून तिच्या पोटात काही नव्हतं. रडून रडून तिचा आवाज बसला होता, ओठ सुकले होते, आणि माझ्या नव्या कपड्यांवर पुढून दोन ओले डाग पसरायला लागले होते. मला एकदम फार वाईट वाटलं. पंधरा बायकांसमोर फजिती झाली म्हणून नाही. हिला माझ्याकडून एकच गोष्ट हवी असते, ती माझ्याकडे भरपूर आहे, आणि तरी ती उपाशी. भाषण, कार्डं, पूर्ण वाक्यं, सगळं गेलं खड्ड्यात.

"आई," मी सासूबाईंना म्हणाले, "काय करू?"

सगळ्यांनी माना वळवून सासूबाईंकडे पाहिलं. बाईसाहेब सोडून.

सासूबाई सावकाश उठल्या. "हे तू विचारते आहेस?"

"हो."

"म्हणजे सल्लाच मागते आहेस?"

"हो, आई, हो. हात जोडते."

"हात नकोत, मूल पडेल," त्या म्हणाल्या आणि जवळ आल्या. "अंगाला काय काय फासलंयस?"

"साबण. नवा. शॅम्पू, क्रीम... आणि सेंट."

"पोरगी तुला जन्मापासून वासावरून ओळखते. आज सकाळी तिची आई आंघोळीला गेली ती परत आलीच नाही. भलतीच बाई तिला उचलून छातीशी धरतेय. तू असतीस तर गप्प बसली असतीस?"

मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि निळा गाऊन बाहेर काढला. घडी केलेला.

"कालचाच आहे," त्या म्हणाल्या. "धुतलेला नाही. जा, साध्या पाण्याने मान आणि छाती धू, आणि हा घालून ये."

"तुम्ही हा घरून निघतानाच घेतलात?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला सकाळीच कळलं होतं? मग बोलला का नाहीत?"

"अर्ज नव्हता."

सिस्टरच्या खोलीतल्या बेसिनपाशी मी मान घासघासून धुतली, ओढणी खिडकीबाहेर वाळत टाकली आणि गाऊन चढवून परत आले. पंधरा बायकांसमोर, वर विंचरलेले केस आणि लिपस्टिक, खाली डागांचा गाऊन, अशी मी खुर्चीत बसले. बाईसाहेबांनी माझ्या खांद्याला नाक लावलं. एक हुंदका दिला. पुन्हा हुंगलं. आणि मग इतक्या घाईने प्यायला लागल्या की घशाचा गटगट आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. वहीवाल्या बाईंनीसुद्धा डोळे पुसले.

"पहिला फायदा," मी नाक ओढत म्हणाले, आणि सगळ्याजणी हसल्या.

आता भाषण रुळावर येणार असं मला वाटत होतं. कपडे बदलताना गाऊनच्या खिशात टाकलेली कार्डं मी एका हाताने चाचपली. तेवढ्यात वहीवाल्या बाईंनी हात वर केला, पण बघत होत्या त्या सासूबाईंकडे.

"आजी, बाळाचं पोट भरलं हे कसं ओळखायचं?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. समोरून रीतसर विचारणा झाली होती, नियम मोडत नव्हता. मी मान हलवली. त्या बोलू लागल्या आणि पाऊण तास बोलल्या. मध्ये दोन नवऱ्यांनीही प्रश्न विचारले. डॉक्टरबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी सगळ्यांसमोर मुकाट्याने पाजत बसले होते, कूस बदलायची वेळ आली की सासूबाई माझ्याकडे बोट करून म्हणायच्या, "आता बघा, अशी," आणि मी तशी.

घरी जाताना बाईसाहेब गाढ झोपल्या होत्या. मी म्हणाले, "आई, तो नियम आपण रद्द करू या."

"लेखी?" नवऱ्याने पुढून विचारलं.

"तोंडी चालेल," सासूबाई उदारपणे म्हणाल्या.

मला वाटलं होतं, यापुढे त्या काही दिसलं की सांगतील. पण नोंदणी कार्यालयात मधली पानं कोरी सोडायची पद्धत नसते. त्यांनी पाच महिने एका वहीत सगळं तारीखवार टिपून ठेवलं होतं: दिवस, वेळ, माझी चूक. दुसऱ्याच दिवशी नाश्त्याला त्यांनी चौथ्या आठवड्याच्या सोमवारपासून वाचायला सुरुवात केली. आज अकरावा दिवस आहे आणि आम्ही चौथ्या आठवड्याच्या मंगळवारपर्यंत पोचलो आहोत. त्यांचा अंदाज असा, की याच वेगाने गेलो तर मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत आम्ही चालू तारखेला येऊ.