घमेल्याखालचा पुरावा

राजुरीत घमेलं हरवलं की कुणी पोलिसात जात नाही, सहादूभाऊंच्या अंगणात जातं. तिथं पाच-सहा घमेली कायम पालथी असतात आणि प्रत्येकाखाली कुणाच्या तरी पावलाचा ठसा असतो.

आमचे हे शेजारी शहरात, गुन्ह्यांचे पुरावे तपासतात अशा एका प्रयोगशाळेत शिपाई होते. उभा जन्म काचेच्या नळ्या धुतल्या. राज्यातले झाडून सगळे खुनी त्या नळ्या स्वच्छ होत्या म्हणूनच सापडले, अशी त्यांची नम्र समजूत आहे.

"आता एका केसावरनं आख्खं खानदान निघतं, राव. मोबाइलचा टावर सांगतो माणूस कुठं व्हता. आन तुमी अजून देवाला कौल लावता."

गेल्या साली माझ्या चौदा कोंबड्या नाहीशा झाल्या. आमच्याकडे काहीही गेलं की बिबट्यानं नेलं म्हणायची पद्धत आहे. एकानं तर सायकलसुद्धा बिबट्याच्या नावावर घातलीय. मीही तेच बोंबललो. सहादूभाऊ धावत आले.

"पुराव्यात पाय घालू नका," म्हणत त्यांनी माझीच घमेली माझ्याच खुराड्यापाशी पालथी घातली. मग एकेक उचलून ठशात प्लास्टर ओतत बसले. वहिनींनी त्यांच्या पडवीतून दोनदा हाक मारली.

"तपास चालू हाय," भाऊ मान वर न करता म्हणाले.

संध्याकाळी पारावर गावासमोर निकाल लागला. "बिबट्या न्हाई. इसम चपला घालतो. उजव्या चपलेला फुडं खिळा ठोकलाय. चालतो म्हशीवानी."

सगळ्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मी उजवा पाय हळूच मागे घेतला आणि तिथंच गुन्हा शाबीत झाला. खुराड्याची कडी लावायला मीच विसरलो होतो. कोंबड्या चुलत्याच्या कांदाचाळीत सुखानं अंडी घालत होत्या.

त्याच आठवड्यात वहिनींना मंचरला दवाखान्यात नेलं. त्या परत आल्या नाहीत. पुढं भाऊंचा तपास फारच वाढला आणि गावाची घमेली कमी होत गेली.

परवा भाऊ घरात नाहीत असं बघून मी माझी घमेली परत न्यायला गेलो. माझ्या दृष्टीनं ती चोरी नव्हती, जप्ती होती. तीन उचलली. चौथं पडवीच्या कडेला, वर वीट ठेवलेलं. तेही उचललं.

"राव, तेवढं ऱ्हाऊ द्या." भाऊ मागे उभे होते. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मी जास्त घाबरलो.

खाली बाईमाणसाची अनवाणी पावलं होती. ओल्यात उठलेली, आता वाळून टणक झालेली. माझी ती खिळ्याची चपल त्यांच्यापासून वीतभर लांब.

"हा कुठला आरोपी, भाऊ? साचा नाही घेतला?" मी आपलं उसनं हसत विचारलं.

"साचा काढला की मातीतला ठसा मोडतो." ते उकिडवे बसले. "तुमच्या वहिनीची पावलं हायेत. त्या दिशी हाक मारायला हितं उभी व्हती. उजवी टाच बघा. टेकलीच नाय. लई दुखत असंल." बोटानं, पण न शिवता, त्यांनी टाच दाखवली. "आन मी तितं तुमच्या चपलंचा खिळा बघत बसलो व्हतो."

मी घमेलं होतं तसं पालथं घातलं. वीट ठेवली. बाकीची तीनही त्यांच्या त्यांच्या जागी ठेवली.

घरी बायकोनं विचारलं, "मिळाली का घमेली?"

म्हटलं, "बिबट्यानं नेली."